शोधाचे साल कोणते धरायचे? २०१० ते २०१९ या दशकाकडे मागे वळून पाहताना

आपण परभणी जिल्ह्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवता, २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनासाठी ‘२०१० ते २०१९ या दशकातील दहा मोठे शोध’ असे प्रदर्शन लावायचे ठरवले आहे, आणि चाळलेल्या प्रत्येक यादीत वेगळीच दहा नावे सापडल्यामुळे नेमकी कोणती घ्यावीत, असे विचारले आहे. प्रश्नाच्या शेवटी आपण आणखी एक ओळ जोडली आहे. अकरावीतील एका मुलीने विचारले की हिग्ज कण १९६४ मध्येच सांगितलेला होता, तर तो २०१२ चा शोध कसा? माझ्या मते मूळ प्रश्न तिचाच आहे, आणि त्याचे उत्तर नीट दिले की दहा नावांची अडचण बरीचशी आपोआप सुटते.

मी सव्वीस वर्षे पदवीच्या वर्गांना पदार्थविज्ञान शिकवले आणि त्यांतील बरीच वर्षे दर डिसेंबरात त्या वर्षाच्या संशोधनाचा आढावा घेणारे व्याख्यान दिले. त्यासाठी मी एक वही ठेवते. डाव्या पानावर त्या वर्षी जाहीर झालेला दावा, कोणी केला, कशाच्या आधारावर केला हे लिहिते. उजवे पान कोरे सोडते आणि साधारण पाच वर्षांनी त्यावर लिहिते की त्या दाव्याचे पुढे काय झाले. पुढे जे सांगणार आहे ते बहुतेक त्या उजव्या पानांवरून शिकलेले आहे.

काही गोष्टी आपल्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी मान्य करते. प्रदर्शन फक्त विज्ञान शाखेच्या मुलांसाठी आहे की गावातील पालकही येणार आहेत, यावर निवड बदलेल. कृषी महाविद्यालयातील शिक्षकाने हाच प्रश्न विचारला असता तर मी जीवशास्त्राला अर्धी जागा दिली असती. आपले फलक पदार्थविज्ञानाच्या शिक्षकाच्या देखरेखीखाली होणार आहेत, त्यामुळे जिथे मुलांच्या प्रश्नांना आपण स्वतः खोलवर उत्तर देऊ शकाल ते विषय आधी घ्यावेत, असे मी सुचवेन. आणि दहा हा आकडा सोडून द्यावा. सहा किंवा सात फलक भरपूर होतात. दहा केले की शेवटचे तीन-चार केवळ जागा भरण्यासाठी येतात.

आता त्या मुलीचा प्रश्न. १९६४ मध्ये पीटर हिग्ज यांनी, आणि त्यांच्याशिवाय स्वतंत्रपणे फ्रांस्वा आंगलेर व रॉबर्ट ब्राउट यांनी, मूलकणांना वस्तुमान कसे मिळत असावे याची गणिती मांडणी केली. त्या मांडणीतून एक नवा कण असला पाहिजे असे निघत होते. परंतु त्याचे वस्तुमान किती, हे समीकरणे सांगत नव्हती, आणि निसर्ग याच वाटेने चालतो याची हमी तर मुळीच नव्हती, कारण असा कण नसतानाही काम भागवू पाहणाऱ्या दुसऱ्या मांडण्या विचारात होत्या. म्हणजे ४८ वर्षे हा प्रश्न खरोखर उघडा होता. ४ जुलै २०१२ रोजी जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत, कणांना प्रचंड वेग देऊन आदळवणाऱ्या २७ किलोमीटर परिघाच्या एकाच त्वरकावर बसवलेल्या परंतु वेगवेगळ्या चमूंनी चालवलेल्या अॅटलस आणि सीएमएस या दोन यंत्रांनी, प्रोटॉनच्या सुमारे १३३ पट जड असा कण दिसल्याचे जाहीर केले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ सीएमएसच्या चमूत होते, ही गोष्ट फलकावर अवश्य यावी.

हा कण थेट दिसत नाही. तो जन्मताच तुटतो, आणि त्याच्या तुटण्यातून निघालेले दोन फोटॉन किंवा चार हलके कण मोजून त्याचा अंदाज बांधावा लागतो. तसेच फोटॉन इतर शेकडो कारणांनी निघत असतात. त्यामुळे आलेखावर दिसणारा छोटासा उंचवटा खरा आहे की योगायोगाचा, हे ठरवण्यासाठी भौतिकीत ‘पाच सिग्मा’ ही अट पाळतात. नवा कण नसताना निव्वळ योगायोगाने तेवढा उंचवटा दिसण्याची शक्यता सुमारे ३५ लाखांत १ इतकी कमी असली पाहिजे, असा तिचा अर्थ. मुलांना सांगताना मी नाण्याचे उदाहरण देते: नाणे सलग २२ वेळा उडवावे आणि प्रत्येक वेळी छापाच पडावा, साधारण तितकी ही शक्यता आहे. आणि ही अट पूर्ण झाल्यावरही जुलै २०१२ मध्ये शास्त्रज्ञांनी ‘हिग्जशी सुसंगत असा नवा कण’ असेच शब्द वापरले. त्याचे गुणधर्म आणखी तपासून झाल्यावर, मार्च २०१३ मध्ये, ‘हा हिग्ज बोसॉन आहे’ असे म्हटले. त्याच वर्षी हिग्ज आणि आंगलेर यांना नोबेल मिळाले. तेव्हा त्या मुलीला असे सांगता येईल की १९६४ हे कल्पनेचे साल आहे आणि २०१२ हे शंका मिटल्याचे साल आहे. यादीत सहसा दुसरे साल छापतात, म्हणून पहिले दिसेनासे होते. तिचा प्रश्न अगदी योग्य होता, हेही तिला सांगावे.

यावरून माझी पहिली सूचना अशी की प्रत्येक फलकावर एकाऐवजी तीन साले लिहावीत: बीज कधी पडले, शंका कधी मिटली, आणि त्याचा उपयोग कधी सुरू झाला किंवा अजून व्हायचा आहे. अशी तीन साले लिहायला बसलात की कोणता शोध फलकावर ठेवण्याजोगा आहे हे लवकर लक्षात येते, कारण ज्याच्याबद्दल मधले साल लिहिता येत नाही तो बहुधा अजून बातमीच असतो.

गुरुत्वीय लहरींना, म्हणजे जड वस्तूंच्या हालचालीने अवकाशातच उठणाऱ्या तरंगांना, मी सर्वांत मोठा फलक देईन. त्या १४ सप्टेंबर २०१५ रोजी प्रथम टिपल्या गेल्या आणि ११ फेब्रुवारी २०१६ रोजी ती गोष्ट जाहीर झाली. मधले पाच महिने केवळ तपासणीत गेले. आइन्स्टाइन यांनी या लहरी १९१६ मध्ये सांगितल्या होत्या. १९६९ मध्ये जोसेफ वेबर यांनी अॅल्युमिनियमच्या मोठ्या दंडगोलांवर त्या टिपल्याचा दावा केला, परंतु इतरांनी तशीच यंत्रे बांधून पाहिली तेव्हा कोणालाच काही दिसले नाही. १९७४ मध्ये हल्स आणि टेलर यांना एकमेकांभोवती फिरणाऱ्या दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची जोडी सापडली, आणि पुढील काही वर्षांच्या मोजणीत त्यांची कक्षा नेमकी सापेक्षता सिद्धांताने सांगितलेल्या वेगाने आकसत असल्याचे दिसले. म्हणजे लहरी ऊर्जा वाहून नेतात याचा अप्रत्यक्ष पुरावा आधीच हाती होता. मग २०१५ मध्ये नवे काय झाले, असे एखादा हुशार विद्यार्थी विचारील, आणि त्याचे उत्तर आपल्याकडे तयार असावे.

नवे दोन प्रकारचे होते. एक म्हणजे लहर थेट मोजली गेली. अमेरिकेत हॅनफर्ड आणि लिव्हिंगस्टन येथे, एकमेकांपासून सुमारे ३,००० किलोमीटरवर, काटकोनात ४-४ किलोमीटरचे दोन बाहू असलेली लायगोची यंत्रे आहेत. लहर जाताना त्या बाहूंच्या लांबीत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या काहीशेव्या भागाइतका होता, आणि दोन्ही ठिकाणी तो सुमारे ७ मिलिसेकंदांच्या अंतराने दिसला. दुसरे, आणि माझ्या दृष्टीने अधिक मोठे, म्हणजे त्या ०.२ सेकंदाच्या संकेतातून पूर्वी कोणी न पाहिलेली वस्तू समोर आली: सूर्याच्या सुमारे ३६ पट आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे, जी एकमेकांत मिसळून ६२ पटींचे एक कृष्णविवर झाले. बेरजेत कमी पडलेले तीन सूर्यांइतके वस्तुमान लहरींच्या ऊर्जेच्या रूपाने बाहेर पडले, आणि ती ऊर्जा सुमारे १३० कोटी वर्षे प्रवास करून आपल्यापर्यंत आली. कृष्णविवरांच्या अशा जोड्या असतात आणि त्या विश्वाच्या आजवरच्या आयुष्यात एकमेकांत मिसळतात, हे त्या दिवसापूर्वी कोणी पाहिलेले नव्हते.

येथे महाराष्ट्राचा संबंध केवळ अभिमानापुरता नाही, कामाचा आहे. गोंगाटात बुडालेला संकेत ओळखायचा तर तो कसा दिसेल याचे हजारो नमुने आधी तयार ठेवून प्रत्येक नमुना यंत्रातून आलेल्या विदेशी, म्हणजे मोजणीच्या आकड्यांशी, जुळवून पाहावा लागतो. हे नमुने कसे निवडावेत, किती दाट ठेवावेत, म्हणजे संकेतही निसटणार नाही आणि संगणकही थकणार नाही, यावर संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ च्या सुमारास पायाभूत काम केले, आणि पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन केंद्रात धुरंधर व त्यांच्या विद्यार्थ्यांनी ते पुढे अनेक वर्षे चालवले. धक्का बसलेले कृष्णविवर घंटेसारखे थरथरून हळूहळू शांत होते, हे सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९७० मध्ये दाखवले होते. २०१५ च्या संकेताचा शेवटचा भाग तशा थरथरण्याशी जुळला. तेव्हा या फलकावर बीजाच्या सालांची एक ओळ पुरणार नाही. १९१६, १९७०, १९९१ अशी तीन-चार साले लिहावी लागतील.

लायगोच्या चमूने स्वतःची परीक्षा कशी घेतली होती, तेही मुलांना सांगावे. सप्टेंबर २०१० मध्ये त्यांच्या यंत्रांत एक झकास संकेत दिसला. शेकडो लोकांनी महिनोन्‌महिने त्याचे विश्लेषण केले आणि शोधनिबंधाचा मसुदाही तयार ठेवला. मार्च २०११ मध्ये सर्वांसमोर उलगडा झाला तेव्हा कळले की तो संकेत चमूतीलच मोजक्या लोकांनी गुपचूप आत सोडलेला होता, बाकीचे खरे-खोटे नीट तपासतात की नाही हे पाहण्यासाठी. त्यामुळे २०१५ मध्ये खरा संकेत आला तेव्हा अनेकांचा पहिला प्रश्न ‘हाही सोडलेलाच आहे का?’ असा होता. मी हा प्रसंग वर्गात सांगते तेव्हा शास्त्रीय पद्धतीवरच्या संपूर्ण तासापेक्षा तो मुलांच्या अधिक लक्षात राहतो.

याच फलकाचा उत्तरार्ध १७ ऑगस्ट २०१७ चा आहे. त्या दिवशी दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याची लहर आली आणि तिच्यामागोमाग १.७ सेकंदांनी फर्मी उपग्रहाने गॅमा किरणांचा झोत टिपला. इटलीतील व्हर्गो हे लायगोसारखेच यंत्रही तेव्हा चालू होते, त्यामुळे दिशा बऱ्यापैकी ठरवता आली आणि काही तासांतच दुर्बिणींनी सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवरच्या एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत तो प्रकाश शोधून काढला. पुढील निरीक्षणांत नारायणगावजवळच्या खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बीण, जीएमआरटी, हीही सहभागी होती. सोन्यासारखी जड मूलद्रव्ये अशा टकरींत तयार होतात, याला त्या प्रकाशाच्या बदलत्या रंगातून भक्कम आधार मिळाला. शिवाय १३ कोटी वर्षांच्या प्रवासात दोघांच्या येण्यात अवघ्या दोन सेकंदांचाही फरक पडला नाही, यावरून गुरुत्वीय लहरी आणि प्रकाश यांचा वेग एकच असल्याचे इतक्या काटेकोरपणे ठरले की गुरुत्वाकर्षणाचे कित्येक पर्यायी सिद्धांत त्या एका दिवसात बाद झाले. एखाद्या शोधाने किती दारे बंद केली, हेही त्याच्या मोठेपणाचे माप आहे, असे मला वाटते.

डीएनए हव्या त्या ठिकाणी कापणाऱ्या क्रिस्पर या तंत्राची गोष्ट मात्र या साच्यात बसत नाही, आणि म्हणूनच ती हवी. येथे कोणी भाकीत केलेले नव्हते आणि कोणी वाट पाहत नव्हते. १९८७ मध्ये जपानमध्ये योशिझुमी इशिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एका जीवाणूच्या डीएनएमध्ये तोच तो मजकूर ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा आलेला दिसला; त्याचे काम काय, हे त्यांना सांगता आले नाही. स्पेनमधील फ्रान्सिस्को मोहिका यांनी वर्षानुवर्षे त्याचा पाठपुरावा केला आणि मधल्या जागांतील मजकूर विषाणूंकडून आलेला आहे हे दाखवले. २००७ मध्ये दही आणि चीज यांची विरजणे तयार करणाऱ्या कंपनीतील संशोधकांनी सिद्ध केले की विरजणातील जीवाणू या नोंदींच्या आधारे विषाणूंना ओळखून त्यांचा प्रतिकार करतात. २०१२ मध्ये एमान्युएल शारपॉंतिए आणि जेनिफर डाउडना यांच्या गटाने दाखवले की याच यंत्रणेतील कात्री आपल्याला हव्या त्या ठिकाणी डीएनए कापायला लावता येते. लिथुआनियातील व्हिर्गिनियस शिक्शनिस यांचा गटही त्याच सुमारास तेथे पोहोचला होता. २०१३ मध्ये मानवी पेशींत हे साधले, आणि २०२० मध्ये शारपॉंतिए व डाउडना यांना नोबेल मिळाले.

आपल्याकडे या फलकाला एक गंभीर संदर्भ आहे. सिकल सेल आजाराने विदर्भातील आणि नंदुरबारकडील आदिवासी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या ग्रासलेली आहेत. क्रिस्पर वापरून रुग्णाच्याच रक्तपेशींत बदल करण्याच्या उपचाराला नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनमध्ये आणि त्यापुढच्याच महिन्यात अमेरिकेत मान्यता मिळाली. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर ठेवली गेली. म्हणजे शोध लागला, उपचारही झाला, पण गडचिरोलीतील मुलापर्यंत तो अजून पोहोचायचा आहे. फलकावर तिसरे साल लिहिताना हे स्पष्ट लिहावे. त्याचबरोबर नोव्हेंबर २०१८ मध्ये चीनमधील हे जियानकुई यांनी जनुके बदललेल्या जुळ्या मुलींच्या जन्माची घोषणा केली, तीही नोंद हवी. जगभरच्या शास्त्रज्ञांनी तिचा निषेध केला आणि पुढे त्यांना तुरुंगवास झाला. या दोन्ही गोष्टी वगळून केलेला फलक जाहिरातीसारखा होईल.

प्राचीन डीएनएला मी मध्यम आकाराचा फलक देईन. २०१० मध्ये स्वांते पेबो यांच्या गटाने निअँडर्थल मानवाच्या जनुकसंचाचा पहिला आराखडा प्रसिद्ध केला आणि आफ्रिकेबाहेरच्या आजच्या माणसांत त्याचा थोडासा अंश उरला असल्याचे दाखवले. त्याच वर्षी सैबेरियातील डेनिसोव्हा गुहेत सापडलेल्या बोटाच्या एका हाडातून माणसाचा एक नवाच भाऊबंद ओळखला गेला. सांगाड्यावरून नव्हे, डीएनएवरून. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे आणि सहकाऱ्यांनी सप्टेंबर २०१९ मध्ये राखीगढी येथील हडप्पाकालीन डीएनएचा निबंध प्रसिद्ध केला. साठहून अधिक नमुने तपासल्यावर एकाच स्त्रीच्या सांगाड्यातून पुरेसा डीएनए मिळाला, आणि तिच्यात गवताळ मैदानी प्रदेशातील पशुपालकांचा वंशांश आढळला नाही. उष्ण प्रदेशात डीएनए टिकत नाही, म्हणून तो एक नमुनासुद्धा मोलाचा होता. परंतु एका सांगाड्यावरून संपूर्ण लोकसमूहाच्या इतिहासाबद्दल छातीठोकपणे बोलणाऱ्यांना, ते आर्य बाहेरून आले की नाही या वादात कोणत्याही बाजूचे असोत, मुलांनी ‘नमुने किती?’ असे विचारावे, एवढे त्यांना या फलकापुढे शिकवता येईल.

परग्रहांबद्दल मी थोडक्यात सांगते, कारण ते सर्वच याद्यांत असतात आणि साहित्य सहज मिळते. २००९ ते २०१८ या काळात काम केलेल्या केपलर दुर्बिणीने २,६०० हून अधिक बाह्यग्रह, म्हणजे सूर्याखेरीज इतर ताऱ्यांभोवतीचे ग्रह, शोधून दिले, आणि २०१७ मध्ये सुमारे ४० प्रकाशवर्षांवरच्या ट्रॅपिस्ट-१ या एकाच ताऱ्याभोवती पृथ्वीच्या आसपासच्या आकाराचे सात ग्रह असल्याचे जाहीर झाले. १० एप्रिल २०१९ चे एम८७ दीर्घिकेतील कृष्णविवराचे चित्रही सर्वांना परिचित आहे. त्या चित्राखाली एवढे जरूर लिहावे की ते एका कॅमेऱ्याने काढलेले छायाचित्र नाही. पृथ्वीवर विखुरलेल्या आठ रेडिओ दुर्बिणींनी एप्रिल २०१७ मध्ये घेतलेली विदा हार्ड डिस्कमध्ये भरून विमानाने एकत्र आणली, आणि वेगवेगळ्या गटांनी एकमेकांना न सांगता तिच्यावरून प्रतिमा तयार करून पाहिल्या. त्या सर्वांत तेच कडे दिसले, तेव्हाच ती जाहीर झाली.

आता माझा एक आग्रह. एक फलक मागे घेतलेल्या दाव्यांचा असावा. सप्टेंबर २०११ मध्ये ऑपेरा प्रयोगाने सांगितले की सर्नहून निघालेले न्यूट्रिनो हे अतिशय हलके कण ७३० किलोमीटरवरच्या इटलीतील ग्रान सासो येथे प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोहोचत आहेत. त्या चमूने स्वतःच इतरांना तपासणीचे आवाहन केले होते, ही त्यांची सचोटी. हा दावा का पटत नाही, हे अकरावीच्या मुलांनाही गणित करून पाहता येते. १९८७ मध्ये सुमारे १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षांवरच्या अतिनवताऱ्याचे, म्हणजे स्फोट झालेल्या ताऱ्याचे, न्यूट्रिनो त्याच्या प्रकाशाआधी काही तासच पोहोचले होते. ऑपेराचा वेग खरा मानला तर ते सुमारे चार वर्षे आधी यायला हवे होते. २०१२ मध्ये दोष सापडला: मुख्यतः प्रकाशतंतूची एक जोडणी नीट बसलेली नव्हती.

दुसरा दावा मला अधिक लागला, कारण त्यात माझी चूक झाली. १७ मार्च २०१४ रोजी दक्षिण ध्रुवावरील बायसेप-२ दुर्बिणीच्या चमूने विश्वाच्या अगदी आरंभीच्या क्षणांतील गुरुत्वीय लहरींची खूण सापडल्याचे जाहीर केले. मी त्याच आठवड्यात वर्गात ती सिद्ध झालेली गोष्ट म्हणून शिकवली. २०१५ च्या सुरुवातीला प्लांक उपग्रहाच्या विदेसह केलेल्या संयुक्त विश्लेषणातून दिसले की ती खूण आपल्याच आकाशगंगेतील धुळीने पाडलेली असू शकते आणि आदिम लहरींचा पुरावा उरत नाही. तोवर ती तुकडी पदवी घेऊन निघून गेली होती. त्यानंतर मी नियम केला की एकाच चमूने, एकाच यंत्राने पाहिलेली गोष्ट शिकवताना ‘असे सांगितले जात आहे’ हेच शब्द वापरायचे. आपल्या फलकांसाठीही मी हीच कसोटी सुचवते: दुसऱ्या कोणी तपासले का? हिग्जच्या वेळी दोन यंत्रे होती, लायगोची दोन ठिकाणे होती, क्रिस्पर तर वर्षभरात जगभरच्या प्रयोगशाळांनी वापरून पाहिले.

येथवरचे थोडक्यात असे: शंका मिटल्याचे साल लिहिता आले पाहिजे, तपासणारा दुसरा कोणी असला पाहिजे, आणि त्या शोधाने एखादा प्रश्न बंद केलेला किंवा एखादे नवे साधन हाती दिलेले असले पाहिजे. या कसोट्या मला उपयोगी पडल्या आहेत, परंतु त्यांतूनही मोठी गोष्ट निसटू शकते, आणि ती माझ्याकडून निसटली.

डिसेंबर २०१९ मध्ये मी दशकाच्या आढाव्याचे व्याख्यान दिले. त्यात वरील सर्व होते. एमआरएनए, म्हणजे कोणते प्रथिन बनवायचे याची सूचना पेशींना देणारा रेणू, वापरणाऱ्या लसींचा शब्दही नव्हता. कॅटलिन कॅरिको आणि ड्रू वाइसमन यांनी २००५ मध्ये दाखवले होते की एमआरएनएच्या एका घटकात छोटा रासायनिक बदल केला तर शरीर त्यावर तुटून पडत नाही. पुढे २०१० ते २०१९ या दशकात मर्स या आजाराच्या करोना विषाणूवर काम करणाऱ्या गटांनी त्याच्या काटेरी प्रथिनात दोन ठिकाणी प्रोलीन हे अमिनो आम्ल बसवून ते प्रथिन योग्य आकारात स्थिर ठेवण्याची युक्ती शोधली. तो निबंध २०१७ चा आहे. माझ्या त्या वर्षीच्या वहीत त्याची नोंदसुद्धा नाही. मी व्याख्यान दिले त्याच महिन्यात वूहानमध्ये नव्या न्यूमोनियाचे रुग्ण आढळत होते, आणि पुढच्या वर्षभरात त्या दोन प्रोलीनांसह तयार झालेली एमआरएनए लस लोकांच्या दंडात जाऊ लागली. २०२३ मध्ये कॅरिको आणि वाइसमन यांना नोबेल मिळाले. २००५ चे उजवे पान मी २०१० मध्ये कोरे सोडले होते आणि नंतर उघडले नव्हते. आज आढावा घ्यायचा तर २०१० ते २०१९ च्या प्रदर्शनात हा फलक मी हिग्जच्या शेजारी लावेन, कारण त्यांची वाट अगदी उलट आहे: एकाची जगाने ४८ वर्षे वाट पाहिली, दुसऱ्याकडे फारसे कोणी पाहतच नव्हते.

तेव्हा माझी निवड अशी: गुरुत्वीय लहरी, हिग्ज, क्रिस्पर, प्राचीन डीएनए, बाह्यग्रह व कृष्णविवराचे चित्र मिळून एक, मागे घेतलेले दावे, आणि एमआरएनए. आणखी एक हवाच असेल तर आयुका आणि पुण्याची आयसर ही विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था यांतील शास्त्रज्ञांसह भारतीय खगोलशास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये जाहीर केलेला सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षांवरचा ‘सरस्वती’ हा दीर्घिकांचा महासमूह घ्यावा; तो मराठी मुलांना आवडेल आणि नकाशा काढून सहज दाखवता येईल. मर्यादेचा प्रश्न आला तर बाह्यग्रहांचा फलक आधी काढावा, मागे घेतलेल्या दाव्यांचा काढू नये.

गुरुत्वीय लहरींचा फलक प्रवेशद्वाराजवळ ठेवावा, याचे कारण आपल्या महाविद्यालयाची जागा आहे. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाचे यंत्र उभे राहायचे आहे. त्याला फेब्रुवारी २०१६ मध्ये, पहिल्या लहरीची घोषणा झाल्यावर आठवड्याभरातच, तत्त्वतः मान्यता मिळाली आणि एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २,६०० कोटी रुपयांचा खर्च मंजूर केला. त्याची गरज मुलांना आकड्यांतून दाखवता येते. २०१५ मध्ये दोनच यंत्रे होती, तेव्हा लहरीचा उगम आकाशाच्या सुमारे ६०० चौरस अंशांच्या पट्ट्यात कुठेतरी आहे इतकेच सांगता आले. २०१७ मध्ये व्हर्गोची जोड मिळाल्यावर तो पट्टा सुमारे २८ चौरस अंशांवर आला आणि म्हणून दुर्बिणींना ती दीर्घिका सापडली. अमेरिका आणि युरोप यांच्यापासून इतक्या दूर आणखी एक यंत्र असले तर हा पट्टा आणखी लहान होईल. फलकावर बीजाचे साल आणि शंका मिटल्याचे साल छापून घ्यावे, आणि औंढ्याच्या यंत्राने टिपलेल्या पहिल्या लहरीच्या तारखेसाठी एक चौकोन कोरा सोडावा. फलक फ्लेक्सचा असेल तर तेवढ्या भागावर पांढरा जाड कागद चिकटवावा, म्हणजे पुढे त्यावर पेनाने लिहिता येईल.